नाव डीजेचे, आवाज दुसऱ्यांचा: ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हची कारकीर्द

१९८२ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतील शुगर हिल रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने ‘द मेसेज’ नावाचे सात मिनिटांचे एक गाणे बाजारात आणले. तबकडीवर कलाकार म्हणून नाव छापले होते ‘ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह’. हिप हॉपच्या इतिहासात या गाण्याला जो मान आहे तो फार थोड्या गाण्यांच्या वाट्याला आला आहे. मात्र ज्याच्या नावावर ही तबकडी विकली गेली, त्या ग्रँडमास्टर फ्लॅशचा हात या गाण्यातील एकाही ठोक्याला लागलेला नाही. ‘फ्युरियस फाइव्ह’ म्हणवणाऱ्या पाच जणांपैकी गाण्याची कडवी म्हणणारा आवाजही एकाचाच आहे, आणि त्याच्या जोडीने जो दुसरा आवाज ऐकू येतो, तो माणूस या गटाचा सदस्यच नव्हता. हे असे का झाले, याचा उलगडा करत गेले की हिप हॉप ही कला कशी जन्मली आणि मैदानातून तबकडीवर येताना तिच्यात कोणता मूलभूत बदल झाला, हे बरेचसे स्पष्ट होते.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. आपल्याकडे ‘रॅप’ आणि ‘हिप हॉप’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. रॅप म्हणजे तालावर, यमके साधत, वेगाने बोलत जाणे. हिप हॉप हे त्याहून मोठे कुटुंब आहे. त्यात तबकड्या वाजवणारा डीजे आहे, माइकवर बोलणारा एमसी आहे, जमिनीवर गिरक्या घेणारे बी-बॉय आहेत आणि भिंतींवर व रेल्वेच्या डब्यांवर रंग फवारणारे ग्राफिटीवाले आहेत. आज आपल्या डोळ्यांसमोर सर्वांत आधी येतो तो माइक धरलेला रॅपर. सत्तरच्या दशकात मात्र हा क्रम नेमका उलटा होता. कार्यक्रमाच्या हस्तपत्रकावर मोठ्या अक्षरांत नाव असे ते डीजेचे, लोक येत ते डीजेसाठी, आणि एमसी हा त्याने स्वतःच्या मदतीला उभा केलेला माणूस असे. म्हणूनच या गटाच्या नावात फ्लॅश आधी येतो आणि पाच एमसी त्याच्या मागे येतात.

हे सारे न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात घडले. क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे नावाचा महामार्ग भर वस्तीतून काढल्यामुळे तेथील हजारो कुटुंबे विस्थापित झाली होती, कारखाने बंद पडत होते आणि विम्याच्या पैशांसाठी घरमालकच इमारतींना आगी लावत असल्याची प्रकरणे वारंवार पुढे येत होती. अशा वस्तीत महागड्या क्लबमध्ये जाणे कोणाला परवडणार? तरुण मुले इमारतींच्या सामायिक खोल्यांत, शाळांच्या व्यायामशाळांत आणि उन्हाळ्यात बागांमध्ये नाचाचे कार्यक्रम करत. बागेत वीज हवी असेल तर रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून ओढून घेत.

११ ऑगस्ट १९७३ रोजी, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वी कपड्यांसाठी पैसे जमवण्याच्या हेतूने एक कार्यक्रम ठेवला. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असे प्रवेशशुल्क होते. तबकड्या वाजवायला होता तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच जमैकात जन्मलेला डीजे कूल हर्क. हिप हॉपचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख सांगितली जाते. एका दिवसात कोणतीही कला जन्माला येत नाही हे खरे असले, तरी हर्कने जी गोष्ट हेरली ती निर्णायक होती. फंक आणि सोल प्रकारच्या गाण्यांत एखादी जागा अशी येते की गायक थांबतो, बहुतेक वाद्ये थांबतात आणि काही सेकंद नुसता ड्रम वाजत राहतो. या जागेला ‘ब्रेक’ म्हणतात. लावणीत गाणारीण थांबते आणि नुसती ढोलकी बोलू लागते, त्या क्षणी प्रेक्षकांत जी हालचाल होते, तशीच हालचाल ब्रेक लागला की ब्राँक्सच्या पोरांमध्ये होत असे. अडचण इतकीच होती की तो दहा-पंधरा सेकंदांत संपून जाई. हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्रांवर, ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की तो दुसरीवर सुई टेकवून तोच ब्रेक पुन्हा सुरू करत असे. मात्र सुई अंदाजाने टाकली जाई, त्यामुळे सांध्यावर ताल मोडत असे. नाचणारे तेवढे सहन करत. एका मुलाला मात्र ते सहन होत नव्हते.

तो मुलगा म्हणजे जोसेफ सॅडलर, पुढचा ग्रँडमास्टर फ्लॅश. १ जानेवारी १९५८ रोजी बार्बाडोस बेटावर जन्मलेला आणि ब्राँक्समध्ये वाढलेला. वडिलांच्या तबकड्यांच्या संग्रहाला हात लावण्याची घरात सक्त मनाई होती आणि त्या मनाईनेच त्याची ओढ वाढवली. टाकून दिलेले रेडिओ आणि इतर उपकरणे उघडून आत काय आहे हे पाहण्याचा त्याला नाद होता. पुढे सॅम्युएल गोम्पर्स या तंत्रशिक्षण देणाऱ्या शाळेत त्याने इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले. हर्कचे वादन ऐकल्यावर त्याला जो प्रश्न पडला तो संगीतकाराइतकाच एखाद्या कारागिराचा होता: दोन तबकड्यांमधला सांधा ऐकणाऱ्याला कळणारच नाही, असे करता येईल का?

येथे थोडे गणित पाहू, कारण या माणसाचे खरे कर्तृत्व त्या गणितात आहे. मोठी तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. समजा गाण्याची लय मिनिटाला ११० ठोक्यांची आहे. तर चार ठोक्यांचे एक आवर्तन सुमारे २.२ सेकंदांचे होते आणि अशा चार आवर्तनांचा ब्रेक पावणेनऊ सेकंदांच्या आसपास भरतो. या वेळात तबकडी जवळजवळ पाच फेरे पुढे गेलेली असते. आता डीजेसमोरचे काम पाहा. एका बाजूची तबकडी हा ब्रेक वाजवत असताना, त्याच पावणेनऊ सेकंदांत, दुसऱ्या बाजूची तबकडी सुई न उचलता हाताने सुमारे पाच फेरे उलटी फिरवायची, ब्रेकच्या पहिल्या ठोक्यावर नेमकी थांबवायची, धरून ठेवायची आणि पहिल्या तबकडीचे आवर्तन पूर्ण होऊन सम येते त्याच क्षणी सोडून द्यायची. तबलजी सम चुकला तर जे वाटते, तेच येथे सांधा चुकला तर वाटते. आणि हे एकदा करून भागत नाही. दर पावणेनऊ सेकंदांनी, कधी दहा-दहा मिनिटे, दोन्ही हातांनी आळीपाळीने करत राहायचे असते.

सुई उचलून अंदाजाने टाकण्याऐवजी ती खोबणीतच ठेवून तबकडी मागे फिरवणे, ही फ्लॅशची पहिली महत्त्वाची पायरी. पण किती फेरे मागे गेलो हे कळणार कसे? त्याने तबकडीवर रंगीत खडूने खूण केली. ब्रेक सुरू होतो त्या क्षणी ती खूण घड्याळाच्या काट्याप्रमाणे कोणत्या दिशेला असते, हे लक्षात ठेवायचे आणि मागे फिरवताना खूण किती वेळा तेथून गेली हे मोजायचे. या मोजणीला त्याने घड्याळाचेच नाव दिले. दुसरी अडचण अशी की टर्नटेबलाच्या थाळीवर रबराची चटई असते आणि ती तबकडीला घट्ट धरून ठेवते; हाताने तबकडी थांबवली की थाळीही अडखळते. फ्लॅशची आई शिवणकाम करत असे. त्याने फेल्टचे कापड तबकडीच्या आकारात कापले, त्याला खळ देऊन इस्त्रीने कडक केले आणि थाळी व तबकडी यांच्यामध्ये ठेवले. आता थाळी खाली फिरत राही आणि वरची तबकडी बोटाच्या हलक्या दाबाने जागच्या जागी थांबे. बोट उचलले की तत्क्षणी पूर्ण वेगाने निघे. आज जगभरातील डीजे जी स्लिपमॅट वापरतात, तिच्यामागे हीच कल्पना आहे. तिसरी अडचण ऐकण्याची होती. दुसरी तबकडी लोकांना ऐकू न जाऊ देता स्वतःला ऐकू यायला हवी. म्हणून त्याने एक साधा दोन दिशांचा खटका मिक्सरला, म्हणजे दोन्ही तबकड्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला, जोडून हेडफोनवर कधी डावी तर कधी उजवी तबकडी ऐकण्याची सोय केली.

ज्यांच्या घरी एकेकाळी तबकड्या होत्या त्यांना आठवत असेल की तबकडी दोन्ही तळव्यांनी कडेनेच धरायची, खोबणीवर बोट लागता कामा नये, ही शिकवण किती कडक असे. ब्राँक्समधल्या डीजेंचाही हाच समज होता. फ्लॅशने भर तबकडीवर बोटे टेकवली तेव्हा इतर डीजेंना तो तबकड्या खराब करतो आहे असे वाटले. मला स्वतःला या बोट टेकवण्यात या साऱ्या कथेचा गाभा दिसतो. तोपर्यंत तबकडी ही दुसऱ्याने केलेले संगीत साठवून ठेवण्याची वस्तू होती. बोट टेकले आणि ती वाद्य झाली. तबकडी पुढे-मागे घासून ‘स्क्रॅच’चा आवाज काढण्याचे श्रेय मात्र फ्लॅशचे नाही. ते त्याच्याच वर्तुळातल्या, वयाने लहान असलेल्या थिओडोर लिव्हिंगस्टन याला, म्हणजे ग्रँड विझर्ड थिओडोर याला दिले जाते. आवाज कमी कर म्हणून आई खोलीत येऊन रागावत असताना त्याने तबकडी हाताने धरून ठेवली, हात किंचित हलत राहिला आणि त्यातून निघालेला आवाज त्याच्या कानाने टिपला, असे तो सांगत आला आहे. फ्लॅशने तो आवाज मोठ्या मंचावर नेला.

आता गटाकडे वळू. फ्लॅशने आपले नवे तंत्र पहिल्यांदा लोकांपुढे केले तेव्हा लोक नाचलेच नाहीत. एखादा प्रयोग पाहावा तसे गप्प उभे राहून पाहू लागले. त्याला ते फार लागले. त्यातून त्याला उमजले की दोन्ही हात आणि दोन्ही कान तबकड्यांत गुंतलेले असताना लोकांना सांभाळणारे दुसरे कोणीतरी हवे. ती जागा प्रथम भरली ती काउबॉय, म्हणजे कीथ विगिन्स याने. त्याच्याकडे लोकांना हाक घालण्याची आणि त्यांच्याकडून प्रतिसाद काढून घेण्याची विलक्षण हातोटी होती. ‘हिप हॉप’ हा शब्दही त्याच्याच तोंडून आला असे मानणारे पुष्कळ आहेत. सैन्यात भरती होणाऱ्या एका मित्राची थट्टा करताना त्याने कवायतीच्या पावलांची नक्कल करत ‘हिप, हॉप, हिप, हॉप’ असे म्हटले, अशी ती कथा आहे. त्यानंतर मेल्व्हिन आणि नॅथानिएल ग्लोव्हर हे भाऊ आले. पहिला मेल्ली मेल आणि दुसरा किड क्रिओल म्हणून ओळखला जातो. नंतर स्कॉर्पिओ आणि शेवटी दुसऱ्या एका गटातून राहीम येऊन पाच जण पूर्ण झाले.

या पाच जणांनी एकेकट्याने बोलण्याऐवजी ओळी वाटून घेतल्या. एकाने ओळ सुरू करायची, दुसऱ्याने मधला शब्द उचलायचा, तिसऱ्याने यमक मारायचे आणि शेवटचा शब्द पाचही जणांनी एकदम म्हणायचा. शाहिरामागे झील धरणारे साथीदार आपल्याला परिचित आहेत, पण येथे कोणी कोणाच्या मागे नव्हते. पाचही जण आळीपाळीने शाहीर आणि झीलकरी होते. यात मेल्ली मेलचे लेखन सर्वांत पुढे होते. एमसी म्हणजे कार्यक्रमाला रंगत आणणारा निवेदक, या कल्पनेपासून एमसी म्हणजे कडवी रचणारा कवी, इथपर्यंतचा प्रवास ज्यांनी घडवला त्यांत त्याचे नाव फार वरचे आहे. १९७६ पर्यंत हा ताफा मॅनहॅटनमधील ऑड्युबॉन बॉलरूमसारख्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम करण्याइतका मोठा झाला होता.

एवढी लोकप्रियता असूनही १९७९ पर्यंत तबकडी काढण्याचा विचार कोणी गंभीरपणे केला नव्हता, आणि त्यामागे कारण होते. हा तासन्‌तास चालणारा, समोरच्या गर्दीवर अवलंबून असलेला, दुसऱ्यांच्याच तबकड्यांवर उभा असलेला प्रकार. त्याची तबकडी काढायची म्हणजे नेमके काय ध्वनिमुद्रित करायचे? या प्रश्नाचे उत्तर ब्राँक्सबाहेरून आले. न्यू जर्सीतील एंगलवूड गावी शुगर हिल रेकॉर्ड्स चालवणाऱ्या सिल्व्हिया रॉबिन्सन या स्वतः नावाजलेल्या गायिका होत्या. त्यांनी तीन जवळपास अनोळखी तरुण गोळा करून ‘शुगरहिल गँग’ नावाने १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणे काढले आणि ते जगभर गाजले. त्यातील काही ओळी ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझ या एमसीच्या वहीतल्या होत्या, याची खंत तेथील लोकांना आजही आहे.

माझ्या मते मात्र याहून दूरगामी गोष्ट त्या ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीत होती. ‘रॅपर्स डिलाइट’साठी डीजेने तबकडी वाजवली नाही. ‘शिक’ या गटाच्या ‘गुड टाइम्स’ गाण्याची चाल वादकांकडून पुन्हा वाजवून घेतली गेली. संगीतव्यवसायात वाढलेल्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांच्या दृष्टीने ते स्वाभाविकच होते: गाणे म्हटले की वादक आले, स्टुडिओ आला, तीन-चार तासांत काम उरकले. पण त्या दिवसापासून एक नियम नकळत रुजला. रॅपची तबकडी करायची तर एमसी हवेत, वादक हवेत. डीजे नसला तरी चालते.

फ्लॅश आणि त्याच्या सोबत्यांनी प्रथम न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील बॉबी रॉबिन्सन यांच्या एन्जॉय रेकॉर्ड्ससाठी १९७९ मध्ये ‘सुपररॅपिन’ हे गाणे केले आणि १९८० मध्ये ते शुगर हिलकडे आले. त्याच वर्षी आलेले ‘फ्रीडम’ अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या वीसांत पोचले. कंपनीचे स्वतःचे वादक उत्तम होते. बासवादक डग विम्बिश, गिटारवादक स्किप मॅकडोनल्ड आणि ड्रमवादक कीथ लेब्लाँक यांची ती फळी नंतर स्वतंत्रपणेही गाजली. परंतु ते जितके उत्तम, तितका फ्लॅश स्टुडिओत बिनकामाचा. बागेत ज्याच्या दोन हातांवर सारा कार्यक्रम उभा असे, तो माणूस स्टुडिओत नुसता उभा राही.

याला एक तेजस्वी अपवाद आहे आणि तो प्रत्येकाने एकदा तरी कानाला हेडफोन लावून ऐकावा. १९८१ मध्ये ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील’ ही सात मिनिटांची तबकडी निघाली. तीत वादक नाहीत, नवी चालही नाही. फ्लॅशने तीन टर्नटेबले घेऊन ‘शिक’, ‘क्वीन’, ‘ब्लाँडी’, ‘इन्क्रेडिबल बाँगो बँड’ आणि स्वतःच्याच गटाच्या तबकड्यांचे तुकडे एकमेकांत विणले. ध्वनिफितीचे तुकडे कापून जोडण्याचा मार्ग त्याने घेतला नाही. सर्व काही एका दमात वाजवायचे, चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून, अशा पद्धतीने हे ध्वनिमुद्रण झाले. ऐकताना ‘गुड टाइम्स’चा बास चालू असतो, मध्येच दुसऱ्या तबकडीवरचा एकच ठोका त्यावर आपटतो, तोच ठोका दोनदा, तीनदा, मग घासल्याचा आवाज, आणि तरीही सम कोठेही सुटत नाही. ‘ब्लाँडी’ या गटाने आपल्या ‘रॅप्चर’ गाण्यात फ्लॅशच्या वेगाचा नावानिशी उल्लेख केला होता. फ्लॅशने तीच ओळ उचलून आपल्या विणकामात घातली. विक्रीच्या दृष्टीने ही तबकडी फार मोठी ठरली नाही. तरीही या गटाचे नाव पुसले गेले आणि एकच तबकडी वाचवता आली, तर मी हीच वाचवीन, कारण ब्राँक्सच्या बागेत हात काय करत होते याचा पुरावा येथे आहे.

त्याच वर्षी ‘द क्लॅश’ या इंग्लिश पंक गटाने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील आपल्या कार्यक्रमापूर्वी या गटाला मंच दिला, तेव्हा गोऱ्या श्रोत्यांनी आरडाओरडा करून त्यांच्यावर कागदी पेले फेकले. हिप हॉप पुढे केवढे पसरले हे माहीत असलेल्या आजच्या वाचकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. ही वाट मोकळी नव्हती.

आता ‘द मेसेज’. शुगर हिलच्या वादकांत एड फ्लेचर नावाचे तालवाद्यवादक होते. त्यांना ड्यूक बूटी म्हणत. या गाण्याचा पहिला आराखडा त्यांनी न्यू जर्सीतील एलिझाबेथ गावी आपल्या आईच्या घराच्या तळघरात रचला. फुटलेल्या काचा, जिन्यातील दुर्गंधी, फोन करून घाबरवणारे वसुलीवाले, घर बदलावे तर पैसे नाहीत, अशा गोष्टी एकामागून एक सांगत जाणारा तो माणूस आपला तोल सुटायच्या बेतात असल्याचे वारंवार बजावतो. लयसुद्धा नाचाच्या गाण्यांपेक्षा मंद आहे आणि सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याची छोटी सुरावट थेंब पडावा तशी पुन्हा पुन्हा येते. सिल्व्हिया रॉबिन्सन यांना हे गाणे या गटाकडूनच हवे होते. गटाला ते नको होते. त्यांचा आक्षेप समजण्यासारखा होता: लोक आपल्या कार्यक्रमाला दिवसभराचे हाल विसरायला येतात, त्यांना तेच हाल पुन्हा कशाला ऐकवायचे?

शेवटी मेल्ली मेल तयार झाला. त्याने काही लेखन केले आणि ‘सुपररॅपिन’मध्ये आधीच म्हटलेले एक कडवे शेवटी जोडले. गरीब वस्तीत जन्मलेले एक मूल, भोवतालच्या गुंडांकडे आदर्श म्हणून पाहत वाढते, शाळा सोडते, तुरुंगात जाते आणि तेथेच मरते, असे त्या कडव्याचे कथानक आहे. हेच कडवे १९७९ मध्ये नाचाच्या धामधुमीत कोणाच्या फारसे ध्यानात आले नव्हते. मंद लयीवर, शेवटी एकटे पडल्यावर त्याचा अर्थ अंगावर येतो. रचनाकारांत फ्लेचर, मेल्ली मेल, सिल्व्हिया रॉबिन्सन आणि संगीतसंयोजक जिग्ज चेस यांची नावे आहेत, फ्लॅशचे नाही. गटातील इतर जण गाण्याच्या अखेरीस, रस्त्यावर गप्पा मारताना पोलीस पकडून नेतात त्या छोट्या नाट्यप्रसंगात तेवढे ऐकू येतात. चित्रफीत करताना फ्लेचर यांच्या ओळींवर ओठ हलवले ते राहीमने.

गाणे अमेरिकेच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत चौथ्या आणि ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेले. अमेरिकेच्या मुख्य यादीत मात्र बासष्टाव्या क्रमांकाच्या वर चढले नाही. रॅपमध्ये सामाजिक आशय याआधी नव्हताच असे म्हणणे चुकीचे ठरेल, पण तो गाण्याचा एकमेव विषय असू शकतो आणि असे गाणे लोक विकत घेतात, हे येथे सिद्ध झाले. त्याचबरोबर डीजेशिवाय एमसीच संपूर्ण गाणे पेलू शकतो, हेही याच गाण्याने पक्के केले.

यशानंतर वर्षभरातच गट फुटला. मिळकत आणि नावाचा हक्क या मुद्द्यांवर फ्लॅश १९८३ मध्ये शुगर हिलविरुद्ध न्यायालयात गेला. किड क्रिओल आणि राहीम त्याच्यासोबत इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीकडे गेले. मेल्ली मेल, स्कॉर्पिओ आणि काउबॉय मागे राहिले. त्याच सुमारास शुगर हिलने कोकेनच्या व्यसनाविरुद्धचे ‘व्हाइट लाइन्स’ हे मेल्ली मेलचे गाणे काढले आणि तबकडीवर कलाकार म्हणून ‘ग्रँडमास्टर अँड मेल्ली मेल’ असे छापले. फ्लॅश त्या गाण्यातही नव्हता, पण ‘ग्रँडमास्टर’ हा शब्द विक्रीसाठी हवा होता.

याच वर्षी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातून ‘रन-डीएमसी’ हा गट आला. त्यांच्या गाण्यात स्टुडिओतील वादकांची फळी नव्हती; ड्रम मशीनचे कोरडे ठोके आणि त्यावर आवाज, एवढेच. अंगावर चमकदार कातडी पोशाखांऐवजी रस्त्यावरचेच कपडे होते. दोन-तीन वर्षांत फ्युरियस फाइव्हची पिढी जुनी ठरली. १९८७ मध्ये सारे एकदा पुन्हा एकत्र आले, १९८८ मध्ये एक संग्रहही निघाला, पण काळ पुढे गेला होता. क्रॅक कोकेनच्या विळख्यात सापडलेला काउबॉय ८ सप्टेंबर १९८९ रोजी, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी गेला. ज्या गटाने व्यसन आणि गरिबीने गिळलेल्या मुलाची कहाणी जगाला सांगितली, त्याच गटाचा पहिला एमसी असा जावा, हे लिहितानाही जड जाते.

प्रभावाचा विचार करताना दोन धागे वेगळे धरावे लागतात. एक धागा मेल्ली मेलच्या शब्दांचा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पब्लिक एनिमी’ या रॅप गटाने राजकीय आणि ‘एन.डब्ल्यू.ए.’ या गटाने लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरचे जे वास्तव मांडले, त्यासाठीची जागा या गाण्याने करून ठेवली होती. आपल्याजवळचे उदाहरण द्यायचे तर मुंबईतील ‘स्वदेशी’ या ताफ्याचे देता येईल. या ताफ्यातील एमसी मवाली मराठीत रॅप करतो आणि २०१९ मध्ये त्यांनी आरेच्या जंगलातील वारली कार्यकर्ते व लोकगायक प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे जमिनीच्या हक्कांविषयीचे गाणे केले. स्वतःच्या वस्तीचे हाल स्वतःच्या बोलीत, तालावर, थेट सांगण्याची रॅपमधील ही रीत घडवण्यात ‘द मेसेज’चा वाटा मोठा आहे.

दुसरा धागा फ्लॅशच्या हातांचा आहे आणि तो अधिक आडवळणाने आला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सॅम्पलर नावाची यंत्रे स्टुडिओंत रुळली. जुन्या गाण्यातील काही सेकंदांचा तुकडा यंत्रात साठवायचा, त्याची सुरुवात आणि शेवट नेमका कापायचा आणि तो हवा तितका वेळ फिरवत ठेवायचा, हे त्यांचे काम. दोन तबकड्या, खडूची खूण आणि पाच उलटे फेरे यांतून फ्लॅश जे साधत होता, तेच आता बटण दाबून होऊ लागले. स्टुडिओने बाहेर ठेवलेला डीजे या यंत्रांच्या रूपाने स्टुडिओच्या मधोमध येऊन बसला. १९९७ मध्ये पफ डॅडी या रॅपरने ‘द मेसेज’ची सुरावट घेऊन केलेले गाणे अमेरिकेच्या मुख्य यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेले. मूळ गाणे बासष्टाव्या क्रमांकावर अडलेल्या त्याच यादीत, पंधरा वर्षांनी.

मानसन्मान उशिरा आले, पण आले. २००२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली तेव्हा तीत ‘द मेसेज’ होते. मार्च २००७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळवणारा हा पहिला हिप हॉप गट ठरला. फ्लॅश आणि पाचही एमसी यांची नावे तेथे नोंदली गेली. २०१९ मध्ये फ्लॅशला स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार मिळाला, आणि टर्नटेबल हे वाद्य आहे की नाही हा जुना वाद त्या व्यासपीठावर तरी उरला नाही.

त्या सहा नावांत एड फ्लेचर यांचे नाव नाही, कारण ते गटात नव्हते. संगीतव्यवसाय सोडल्यावर ते शिक्षक झाले आणि पुढे जॉर्जिया राज्यातील सव्हाना स्टेट विद्यापीठात शिकवत होते. जानेवारी २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘द मेसेज’ लावले की पहिले शब्द म्हणणारा जो आवाज कानी पडतो, तो त्यांचाच.